उतरताना विमान ‘ऐकत नाही’ म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न असा आहे. ५ एप्रिल २०२२ ला न्यूयॉर्कहून आलेलं एअर फ्रान्सचं बोइंग ७७७ पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर उतरत होतं. साधारण १२०० फुटांवर वैमानिकांनी उतरणं सोडून विमान पुन्हा वर घेतलं आणि विमान कंट्रोलना प्रतिसाद देत नसल्याचं टॉवरला कळवलं. पुढे फ्रान्सच्या अपघात-तपास संस्थेने, म्हणजे बीईएने, विमानात बिघाड सापडला नाही असं सांगितलं. मग ते वैमानिक खोटं बोलले का? आणि उतरताना खरोखरच कंट्रोल बिघडलं तर वैमानिक काय करतो?

मी वीसहून जास्त वर्षं बोइंग ७३७ चालवलं. शेवटची काही वर्षं सिम्युलेटरवर शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

ते खोटं बोलले नाहीत. हाताला जे जाणवलं तेच त्यांनी टॉवरला सांगितलं. अडचण ही की हाताला कारण कळत नाही. आत कुठे काही अडकलेलं असो, पुढच्या विमानाने मागे सोडलेला हवेचा भोवरा असो, की शेजारच्या सीटवरच्या माणसानेही योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, धरलेला असो, तळहाताला तिन्ही सारखंच लागतं. योक जड वाटतो, किंवा आपण मागितलं तेवढं विमान देत नाही.

पॅरिसच्या बाबतीत बीईएने रेकॉर्डर वाचले तेव्हा दिसलं की दोघेही एकाच वेळी कंट्रोलवर होते. कॅप्टनने कॉलम (योकचं चाक ज्यावर बसतं तो दांडा) किंचित पुढे, म्हणजे नाक खाली जाईल असा, धरून ठेवला होता. को-पायलट त्याच वेळी नाक वर घेण्यासाठी त्याहून जास्त जोराने मागे ओढत होता. दोघांच्या हातातली चाकं दोनदा, थोड्या वेळासाठी, एकमेकांशी जुळेनाशी झाली होती.

७७७ मध्ये कंट्रोलचे आदेश तारांमधून संगणकाकडे जातात. तरीही कॅप्टन आणि को-पायलटचे कॉलम एकमेकांना यंत्राने जोडलेले असतात, एक हलला की दुसराही हलतो. एखादी बाजू अडकली तर दुसऱ्याला जोर लावून आपली बाजू सोडवून घेता यावी म्हणून मधला जोड ठरावीक जोरानंतर सुटेल असा केलेला असतो. ही सोय चांगलीच आहे. पण दोघे विरुद्ध दिशेला जोर लावू लागले तर एकाचा जोर दुसऱ्याला विमानाचा ताठरपणा वाटू शकतो. एअरबसमध्ये हे वेगळं आहे. तिथल्या साइडस्टिक, म्हणजे योकऐवजी बाजूला असणाऱ्या छोट्या दांड्या, एकमेकींना जोडलेल्या नाहीत, शेजारच्याचा हात तुम्हाला जाणवतच नाही. दोघांनी एकदम स्टिक हलवली तर संगणक दोन्हींची बेरीज करतो आणि कॉकपिटमध्ये ‘ड्युअल इनपुट’ असा आवाज येतो. एकाने लाल बटण दाबून दुसऱ्याची स्टिक बाद करायची असते. कोणती पद्धत चांगली यावर वैमानिकांमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे. मला जोडलेला योक आवडतो. पण तो खोटं काही सांगत नसला तरी अर्धवट सांगू शकतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

मी को-पायलट होतो तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, मुंबई, धावपट्टी २७. घाटकोपरवरून फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, आलो होतो. वारा झटक्याझटक्याने येत होता, वायपर पूर्ण वेगाने चालू होते. विमान माझ्या हातात होतं. चारशे-पाचशे फुटांच्या दरम्यान उजवा पंख खाली गेला. मी चाक डावीकडे फिरवलं तर ते चिखलात रुतल्यासारखं जड. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते त्या सेकंदाला कळलं. मला वाटलं एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी पंखाच्या टोकाकडची फळी, अडकला. मी जोर वाढवला, चाक आणखी जड झालं. डावीकडे पाहिलं तेव्हा कॅप्टनचे दोन्ही हात त्यांच्या चाकावर होते. माझ्या दुरुस्त्या जरा जास्त होतायत असं वाटून त्यांनी धरलं होतं, पण बोलले काहीच नव्हते. मी ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून वर जाऊ, म्हणालो, त्यांनी हात काढले आणि विमान लोण्यासारखं वळलं. खाली आल्यावर त्यांनी स्वतःहून माफी मागितली. माणूस मोठा होता. त्या दिवसापासून मी एक नियम पाळला आणि पुढे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून पाळून घेतला. चाकाला हात लावायचा तर आधी तोंडाने ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं, आणि समोरच्याने ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून हात वर करून दाखवायचे. शब्द आधी, हात नंतर.

इथवर वाचून ‘म्हणजे शेवटी चूक वैमानिकाचीच’ असं कुणाला वाटेल, तर तिथेच मला थांबवायचं आहे. हा निष्कर्ष फार स्वस्त आहे आणि एकदा त्याची किंमत १५७ माणसांनी मोजली आहे. ती हकीकत मी प्रत्येक बॅचला सांगायचो.

३ मार्च १९९१. युनायटेडची फ्लाइट ५८५, बोइंग ७३७-२००, डेन्व्हरहून कोलोराडो स्प्रिंग्जला उतरत होती. फायनलवर, जमिनीपासून साधारण हजार फुटांवर, विमान अचानक उजवीकडे कलंडलं आणि दहाएक सेकंदांत नाक खाली करून जमिनीवर आदळलं. आतले २५ जण गेले. अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेने, म्हणजे एनटीएसबीने, दीड वर्षाहून जास्त काळ तपास केला आणि डिसेंबर १९९२ मध्ये कारण ठरवता येत नाही असा अहवाल दिला. डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचा भोवरा, किंवा रडरच्या, म्हणजे पायाच्या पेडलने फिरणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, यंत्रणेतला बिघाड, अशा दोन शक्यता लिहिल्या आणि फाइल मिटली.

मग ८ सप्टेंबर १९९४. यूएसएअरची फ्लाइट ४२७, ७३७-३००, शिकागोहून पिट्सबर्गला. ६००० फुटांवर, १९० नॉट वेगाने, फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल मिळावी म्हणून पंखामागून बाहेर काढायच्या फळ्या) १ या पायरीवर, उतरायच्या तयारीत. पुढे गेलेल्या बोइंग ७२७ च्या मागे राहिलेल्या भोवऱ्यात विमान हललं. एरवी असा धक्का म्हणजे चहा सांडण्यापलीकडे काही नाही. पण नाक डावीकडे फिरत गेलं, विमान कलंडलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सरळ खाली आलं. १३२ माणसं. तपास साडेचार वर्षं चालला. त्या काळात एक मोठा मुद्दा हाच होता की डाव्या पेडलवर वैमानिकाचाच पाय होता का. भोवऱ्याने दचकून त्याने रडर दाबलं आणि दाबूनच धरलं असेल, असं विमान बनवणाऱ्यांच्या बाजूने मांडलं गेलं. ही शंका हवेतून आलेली नव्हती हेही मान्य करायला हवं. त्याच वर्षी ८ मार्चला आपल्याकडे दिल्लीत सहारा इंडियाचं ७३७ प्रशिक्षण उड्डाणात कोसळलं होतं, आणि तिथे इंजिन बंद पडल्याचा सराव करताना शिकाऊ वैमानिकाने खरंच उलटा रडर दिला होता. माणसाचा पाय चुकतो. पण पिट्सबर्गचे दोन वैमानिक उत्तर द्यायला हयात नव्हते. मेलेल्या माणसाच्या पायावर खापर फोडणं सगळ्यात सोपं, हे मला आजही बोचतं.

उत्तर द्यायला एक माणूस हयात राहिला तो ९ जून १९९६ ला. ईस्टविंडची फ्लाइट ५१७, ७३७-२००, रात्रीची वेळ, रिचमंडला उतरण्यासाठी खाली येत होती. ४००० फुटांच्या आसपास विमानाने उजवीकडे जोरदार हिसका दिला. कॅप्टनने डावं पेडल दाबलं तर ते ताठ, खाली जाईना. त्याने चाक पूर्ण डावीकडे फिरवलं, उजव्या इंजिनाचा जोर वाढवून नाक परत ओढलं. थोड्या वेळाने तो हिसका आपोआप गेला, मग पुन्हा एकदा आला, आणि पुन्हा गेला. विमान उतरलं. आत ५३ जण होते, एका केबिन क्रूला किरकोळ दुखापत झाली. आता तपास करणाऱ्यांकडे धडधाकट विमान होतं, त्याचं रडर युनिट होतं, आणि ‘मी उजवं पेडल दाबलं नव्हतं’ असं समोर बसून सांगणारा कॅप्टन होता.

दोष कुठे होता ते सांगतो, कारण तो समजला की बाकी सगळं समजतं. ७३७ चं रडर एकाच अखंड पात्याचं आहे आणि त्याला ढकलणारं मुख्य हायड्रॉलिक युनिट एकच होतं. त्या युनिटमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह. नळीत नळी असावी तशा त्यात दोन सरकत्या दांड्या, एकात एक. पेडल दाबलं की आतली दांडी सरकते, जास्त हवं असेल तर बाहेरचीही सरकते, आणि तेल योग्य बाजूला जाऊन रडर वळतं. एक अडकली तर दुसरीने काम भागवावं हा हेतू. १९९६ मध्ये पिट्सबर्गच्या विमानातलं युनिट थंडीत गोठवून त्यात एकदम गरम हायड्रॉलिक तेल सोडून पाहिलं तेव्हा ते अडकलं. मग आकडेवारी उलगडताना लक्षात आलं की बाहेरची दांडी विशिष्ट जागी अडकली तर आतली तिच्या हद्दीपलीकडे सरकू शकते, आणि तेल उलट्या बाजूला जातं. म्हणजे वैमानिक डावं पेडल दाबतोय आणि रडर उजवीकडे जातंय. जितका जोरात दाबेल तितकं पक्कं उलटं. आणि अडकलेला व्हॉल्व्ह नंतर सुटला की धातूवर काही खूणसुद्धा उरत नाही.

कल्पना करा, तुम्ही हजार फुटांवर आहात आणि तुमचा पाय जे करतोय त्याच्या नेमकं उलटं विमान करतंय. हे ओळखायला किती सेकंद लागतील?

याच तपासातून दुसरी गोष्ट पुढे आली, आणि वैमानिक म्हणून मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. रडर पूर्ण एका बाजूला गेलं की नाक तिकडे फिरतं. बाहेरच्या बाजूचा पंख पुढे येतो, त्याला जास्त उचल मिळते आणि विमान कलंडतं. ते सरळ करायला हातात एलेरॉन आणि पंखावरचे स्पॉयलर, म्हणजे उचल कमी करायला वर उघडणाऱ्या फळ्या, असतात. वेग जास्त असेल तर एलेरॉन जिंकतात. वेग कमी असेल तर रडर जिंकतं. ज्या वेगाला दोघं बरोबरीत सुटतात त्याला क्रॉसओव्हर वेग म्हणतात. पिट्सबर्गच्या विमानाचं वजन आणि फ्लॅप १ धरून तो जवळपास १८७ नॉट निघाला. विमान होतं १९० वर. तीन नॉटांचं अंतर! रिचमंडचं विमान २५० नॉटच्या आसपास होतं, म्हणून कॅप्टनच्या चाकात ताकद उरली होती.

त्यातही एक फास आहे. नाक खाली जायला लागलं की माणूस योक मागे ओढतो. ती आपली उपजत ओढ आहे, जमीन समोर दिसली की हात आपोआप मागे येतात. पण मागे ओढलं की पंखाचा हवेशी कोन वाढतो, क्रॉसओव्हर वेग आणखी वर जातो आणि होती-नव्हती तीही बरोबरी हातची जाते. उपाय याच्या उलट आहे. योक सैल सोडायचा, नाक थोडं खाली जाऊ द्यायचं, वेग येऊ द्यायचा आणि मग चाकाने पंख सरळ करायचे. सिम्युलेटरवर मी हे कित्येकांकडून करून घेतलं. कारण आधी सांगूनही पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक जण ओढतोच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सोडतो. पाच-सहा हजार फुटांवर हे शिकवता येतं. हजार फुटांवर, कोलोराडो स्प्रिंग्जला, खाली जाऊ द्यायला जागाच नव्हती. त्या क्रूकडून कुणी काय वेगळं करायला हवं होतं असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मार्च १९९९ मध्ये एनटीएसबीने पिट्सबर्गचं कारण रडर उलटं फिरणं हेच धरलं आणि २००१ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जचा जुना अहवालही बदलला. त्याआधीच रडर अडकल्यास काय करायचं याची चेकलिस्ट आली होती. २००२ मध्ये अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने, म्हणजे एफएएने, सगळ्या ७३७ ची रडर यंत्रणा बदलायचा आदेश काढला आणि त्यासाठी २००८ पर्यंत मुदत दिली. आज तुम्ही पुण्याहून दिल्लीला ज्या ७३७ ने जाल त्यात तो व्हॉल्व्ह नाही.

म्हणून पॅरिससारख्या घटनेत वैमानिक ‘विमान ऐकत नाही’ म्हणाला की त्याचं म्हणणं आधी खरं धरून तपास करायचा. बीईएने तेच केलं. रेकॉर्डर ताब्यात घेतले, घटना गंभीर म्हणून नोंदवली, आणि त्याच महिन्यात काय सापडलं ते जाहीर केलं.

आता दुसरा प्रश्न, अशा वेळी करायचं काय. उतरताना वेग कमी असतो, उंची कमी असते, फ्लॅप आणि चाकं बाहेर असतात. वैमानिकाच्या गरजेच्या दोन्ही गोष्टी तेव्हाच सगळ्यात तुटपुंज्या असतात. त्यामुळे विमान वळवता येतंय तोवर कारण शोधत बसायचं नाही, वर जायचं. पॅरिसच्या क्रूने हेच केलं आणि नंतर २७ उजव्या धावपट्टीवर सुखरूप उतरले. कंट्रोल एकानेच धरायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट आणि रेडिओ सांभाळायचा. ऑटोपायलट लावलेला असेल तर तो तोडून हाताने अंदाज घ्यायचा, कारण ऑटोपायलट बराच वेळ मुकाट्याने जोर लावून दोष झाकत राहतो. आणि ज्या अवस्थेत विमान शेवटचं नीट वागत होतं ती अवस्था उगाच बदलायची नाही. फ्लॅप ५ वर नीट होतं ना, मग ५ वरच राहू द्या.

नागपूरला माझ्यावर हे एकदा आलं होतं, अर्थात फार साध्या रूपात. फ्लॅप ५ वरून १५ वर जाताना काट्यावरच्या दोन सुया फाकल्या. डाव्या-उजव्या पंखांच्या फ्लॅपमध्ये फरक पडला की यंत्रणा आपणहून थांबते, नाहीतर एका पंखाला जास्त उचल मिळून विमान कलंडेल. आम्ही वर गेलो, घिरट्या घातल्या, चेकलिस्ट काढली. तिच्यात वेग साधारण ३० नॉटने वाढवायला सांगितलेलं असतं आणि फ्लॅपविषयीची जमिनीची धोक्याची सूचना बंद करायला सांगितलेलं असतं, नाहीतर धावपट्टीवर येताना ती सारखी ओरडत राहते. १४० ऐवजी १७० नॉटने टेकायचं म्हणजे ब्रेकला जवळजवळ दीडपट ऊर्जा जिरवायची. नागपूरची धावपट्टी ३२०० मीटर लांब आहे, वारा समोरून होता, काही अडचण आली नाही. वर गेल्यापासून टेकेपर्यंत २५ मिनिटं गेली. प्रवाशांना मी स्वतः माइकवर काय झालंय ते साध्या शब्दांत सांगितलं. ते सांगावं असं माझं ठाम मत आहे. गप्प कॉकपिट मागच्या माणसांना जास्त घाबरवतं.

बिघाडाचा एक तिसराही प्रकार आहे, तो ना यंत्राच्या रचनेचा ना वैमानिकाच्या हाताचा. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या अल्वेर्का इथून एअर अस्तानाचं एम्ब्रेअर १९० मोठ्या दुरुस्तीनंतर उडालं. आत सहा जण, तीन वैमानिक आणि तीन इंजिनियर. दुरुस्तीत एलेरॉनच्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. चाक डावीकडे फिरवलं की विमान उजवीकडे. त्यात गोंधळ असा की त्या विमानात एलेरॉन केबलने चालतात आणि पंखावरचे स्पॉयलर विजेच्या आदेशाने. त्यामुळे स्पॉयलर बरोबर दिशेला आणि एलेरॉन उलट, दोघं एकमेकांशी भांडत होते. ढगात विमान वेडंवाकडं पलट्या खात होतं. क्रूने कंट्रोल संगणकाच्या मधल्या थरातून काढून डायरेक्ट मोडवर टाकले तेव्हा ते थोडं ताब्यात आलं. पोर्तुगालच्या हवाई दलाची एफ-१६ विमानं वाट दाखवत त्यांना बेझाच्या तळाकडे घेऊन गेली. दोन वेळा उतरणं जमलं नाही. तिसऱ्या वेळी उजव्या धावपट्टीसाठी आले आणि वाहत जाऊन शेजारच्या डाव्या धावपट्टीवर उतरले. सहाही जण वाचले. विमान पुन्हा कधी उडलं नाही.

ही चूक जमिनीवरच दिसू शकली असती. उडण्याआधी वैमानिक योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे, मागे फिरवतो आणि पेडल दोन्ही बाजूंना दाबतो. पडद्यावर एलेरॉन, रडर वगैरे हलतायत एवढं पाहून भागत नाही, योग्य दिशेला हलतायत का ते पाहायचं असतं. चाक डावीकडे तर डाव्या पंखाचा एलेरॉन वर आणि उजव्याचा खाली. पुढच्या वेळी पंखामागच्या खिडकीत बसलात तर विमान धावपट्टीकडे निघताना पाहा, टोकाकडची ती फळी एकदा वर आणि एकदा खाली जाते, आणि तिच्या अलीकडचे स्पॉयलर एका बाजूला उघडून मिटतात. कॉकपिटमध्ये कुणीतरी तेव्हा ते तपासत असतं.